माणिकतात्यांची खालची ओळ

माणिकतात्या कुठलाही कागद खालून वर वाचतात. लग्नपत्रिका असो, औषधाच्या खोक्यातली घडी असो, नाहीतर चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स. त्यांचा चष्मा आधी तळाला जातो. हा कागद काढला कुणी, छापला कुणी, हे कळलं की मग मजकूर. तळाला नाव नसेल तर मेलेली पाल उचलावी तसा तो कागद दोन बोटांत धरून ते परत करतात.

बारामतीत स्टँडच्या मागं त्यांचं झेरॉक्सचं दुकान आहे. एकदा एका कॉलेजकुमारानं प्रेमपत्राची प्रत काढायला आणली. मूळ पत्र तिला आणि प्रत स्वतःला, असा त्याचा हिशेब असावा. तात्यांनी सवयीनं तळ बघितला. तिथं नुसतं ‘तुझाच’ होतं.

“तुझाच म्हंजी कुनाचा?” तात्यांनी भर दुकानात विचारलं.

“तिला कळतंय की, तात्या.”

“तिला कळतंय, पर उद्या तू पलटलास तर? नाव टाक. आडनाव बी टाक.”

पोरानं घाम पुसत पूर्ण नाव लिहिलं. त्या दोघांचं पुढं लग्न झालं. याचं श्रेय तात्या अजून स्वतःकडं घेतात.

माझी आणि त्यांची ओळख माझ्या जन्मापासूनची. माझ्या वडिलांनी आयुष्यभर पत्रकं काढली; दुधाच्या दराची, बंद पडलेल्या एस.टी.ची, शाळेच्या गळक्या पत्र्यांची. ती सगळी तात्यांच्या मशिनमधून निघाली. आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली आणि मी बाराखडी त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. त्यामुळं मोठेपणी मी झीन काढायला लागले, तेव्हा पहिला अंक दाखवायला तात्यांकडंच गेले.

झीन म्हणजे स्वतः लिहायचं, स्वतः चितारायचं, स्वतः प्रती काढायच्या आणि स्वतःच वाटायचं असं चिमुकलं पुस्तक. एका कागदाला तीन घड्या घालायच्या, मधोमध एक चीर द्यायची, की आठ पानं होतात. ना प्रकाशक, ना परवानगी.

“म्हंजी पत्रकच की,” तात्या म्हणाले. “घड्या जास्त पडल्यात येवढंच.” आणि अंक उलटा करून त्यांनी शेवटच्या पानाचा तळ गाठला. “ठिणगी. ही कोन?”

“मीच. टोपणनाव आहे.”

“ठिणगीला घर न्हाय? बाप न्हाय? उद्या पोलिसानं इचारलं तर म्हनायचं, साहेब, ठिणगी हुती, इझली?”

मी पुष्कळ भांडले. विचार महत्त्वाचा, नाव नव्हे, असं बरंच काही म्हणाले. तात्यांनी ऐकून घेतलं आणि नेहमीचं वाक्य टाकलं, “बिननावाचा कागद म्हंजी पाठीमागनं मारल्याला दगड.” हे वाक्य ते कुणालाही, कधीही ऐकवतात. कुल्फीच्या जाहिरातीवरही त्यांनी ते ऐकवलेलं आहे.

गेल्या हिवाळ्यात बारामती-इंदापूरकडच्या आम्ही झीनवाल्यांनी शनिवार-रविवारचा मेळा भरवला. जागा मिळाली ती एका मंगल कार्यालयाच्या जेवणाच्या हॉलमध्ये. लांबलचक टेबलं आयतीच होती. त्यांना आदल्या दिवशीच्या मठ्ठ्याचा वास येत होता. कात्र्या, डिंक, रंगीत कागद, दोन मोठे स्टेपलर आणि कोपऱ्यात झेरॉक्स मशिन. ते तात्यांचं. ते स्वतः टेम्पोत मशिनला धरून बसून आले होते.

वरच्या मजल्यावर साखरपुडा होता. त्यामुळं शनिवारी सकाळपासून पाहुणे चुकून आमच्याकडं उतरत होते. फेटा बांधलेले एक गृहस्थ टेबलाशी बसले, पुढ्यातल्या कागदाला पत्रावळ समजून पाणी शिंपडायला निघाले, थांबले, मग ‘माझ्या आईच्या एकवीस शिव्या’ ही झीन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली. “चांगलं घराणं दिसतंय,” म्हणाले. “मुलीकडचे का?”

तात्या मशिन सोडून टेबलाटेबलावरून फिरत होते. “खालची वळ दाव,” एवढंच म्हणायचे. नाव दिसलं की पाठीवर थाप, नाही दिसलं की पाठीमागचा दगड. दुपारपर्यंत त्यांनी सहा जणांना नावं टाकायला लावली होती आणि एक कवी निघून गेला होता.

मग ते प्राजक्ताच्या टेबलाशी पोचले.

प्राजक्ता कऱ्हाटीची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. तिची झीन तिला बघायला आलेल्या पाच स्थळांवर होती. एका पानावर नुसते चपलांचे जोड काढले होते आणि खाली लिहिलं होतं, ‘मी मान वर केली नाही, म्हणून मला एवढेच पाहुणे दिसले.’ हॉलमधली सगळ्यात चांगली झीन तीच होती. तळाला सही होती, ‘कांदेपोहे क्रमांक पाच’.

“ह्ये काय नाव झालं?” तात्या म्हणाले. “खरं टाक.”

“नाही टाकणार.”

“बिननावाचा कागद म्हंजी...”

“पाठीमागनं दगड. सकाळपासून सात वेळा ऐकलं, तात्या.” प्राजक्तानं कात्री खाली ठेवली. “नाव टाकलं तर परवा कॉलेज बंद. महिन्यात लग्न. तुम्ही येणार का आमच्या आण्णांना समजवायला? दगड मला बसायचेत, तात्या. मी कुणाला मारलाय?”

मी मध्ये पडणार होते, पण तात्यांनी हात वर केला. त्यांनी झीन उचलून चपलांचं पान डोळ्यांजवळ धरलं.

“तुजं बराबर हाय,” ते म्हणाले. “ज्याला मार बसायचं भ्या हाय त्यानं नाव झाकावं. मारनाऱ्यानं झाकू ने.”

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते लगेच वहीत उतरवायला घेतलं. पण प्राजक्ता अजून तापलेली होती.

“आणि तुम्ही? इतकी वर्षं मशिन चालवताय. तुम्ही कधीच बिननावाचं काही काढलं नाही?”

तात्यांना खोटं बोलता येत नाही. ते मशिनपाशी जाऊन बसले. पाहुण्यांनी वरून पाठवलेल्या जिलब्याही त्यांनी घेतल्या नाहीत. संध्याकाळी मी झाडलोट करत होते, तर म्हणाले, “संपादकबाई, येक कोरा कागद द्या. आन् ती घडी कशी घालायची, दावा परत.”

रविवारी सकाळी ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले आणि माझ्या हातात आठ पानांची झीन ठेवली. ‘खुलासा’ असं तिचं नाव. अक्षर पत्रकासारखंच, ठळक आणि उभं. मी खुर्ची ओढून वाचायला लागले.

तात्या मूळचे सणसरचे. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्यांचं दुकान गावातच होतं. गावच्या दूध संस्थेची निवडणूक लागली. तात्यांचा मेव्हणा उभा राहिला आणि समोर उभा होता सोपानआबा, तात्यांचा लहानपणापासूनचा दोस्त. आबांच्या घरी पूर्वी मेंढरं असायची, मग ऊस आला आणि दोन म्हशी. निवडणुकीच्या आधी तीन दिवस गावात एक पत्रक फिरलं. ‘दुधात पाणी घालणारा चेअरमन पाहिजे का?’ तळाला नाव नव्हतं. सोपानआबा पडले. गावानं त्यांना ‘पाणीआबा’ नाव ठेवलं, ते आजतागायत तसंच आहे.

‘ते पत्रक मी लिहिलं आणि मीच छापलं,’ तात्यांनी लिहिलं होतं. ‘सोपाननं दुधात कधीही थेंबभर पाणी घातलेलं नाही. हे मला तेव्हाही माहीत होतं. मेव्हण्यासाठी केलं. मेव्हणाही पडला, तिसराच निवडून आला.’

आठही पानांच्या तळाला पूर्ण नाव, गाव आणि मोबाइल नंबर होता.

“तवा दोनशे वाटली हुती,” तात्या म्हणाले. “आता बी दोनशे काढल्यात. सणसरला सोडता का? येकट्याला जायला... गाडी चालवायला डोळ्यानं दिसत न्हाय.”

डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. पण मी चारला मेळा प्राजक्तावर सोपवला आणि स्कूटी काढली. इंदापूर रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर येत होते, तात्या मागं गठ्ठा पोटाशी धरून बसले होते. वाटेत एकदाच बोलले. “त्यानं दारातनंच हाकललं तर तुमी मधी बोलायचं न्हाय. त्येचा हक्क हाय.”

आम्ही पोचलो तेव्हा सोपानआबा गोठ्यात म्हशीखाली बसले होते. मांड्यांत बादली, डोईवर मुंडासं. त्यांनी मान वळवून बघितलं आणि परत वळवली.

“सोपाना,” तात्या म्हणाले.

“थांब. धार मोडता येत न्हाय.”

तात्या थांबले. म्हैस सावकाश होती. दहा मिनिटं बादलीत धारांचा आवाज येत होता आणि पंचवीस वर्षं न आलेला माणूस शेणात चकचकीत बुटांनी उभा होता. मग आबा उठले, मुंडाशाला हात पुसले आणि झीन घेऊन हात लांब करून वाचायला लागले. एकेक पान. मधल्या पानाशी उलटं-सुलटं झालं, तर तात्यांनी पुढं होऊन कागद फिरवून दिला.

वाचून झालं. आबांनी घडी मिटली.

“म्हाईत हुतं मला.”

“कवापासनं?”

“त्याच आठवड्यापासनं. रोज सांजच्याला चहाला यायचास. पत्रक निघालं आन् यायचा बंद झालास. सारा गाव समजूत घालाय आला, माणक्या. येक तूच आला न्हाईस.”

“मंग बोलला का न्हाईस?”

“तू सांगशील म्हनून थांबलो. तर तू दुकान उचलून बारामतीला ग्येलास.”

तात्या खाली बसले, गोठ्याच्या उंबऱ्यावर, पांढऱ्या सदऱ्यासकट. आबांनी दुधाची कॅन उचलली. “ऊठ. डेरीला जायचंय. वाटायचीत न्हवं तुला? तितंच गावतील समदी.”

दूध संकलन केंद्रासमोर रांग होती. तात्यांनी गठ्ठा सोडला. जन्मभर हजारो कागद वाटलेला हा माणूस, पण त्यांचा हात पुढं होईना. शेवटी आबांनीच अर्धा गठ्ठा ओढून घेतला आणि रांगेत शिरले. “घ्या. वाचा. माज्यावर लिवलंय.”

मोटारसायकलवरचा एक तरुण वाचून गोंधळला. “आबा, असं हाय व्हय? आमाला वाटायचं तुमी पूर्वी गावच्या टाकीवर पाणी सोडायला हुता, म्हनून पाणीआबा.”

आबा तात्यांकडं वळले. “बघ. ज्येन्ला म्हाईत न्हवतं त्येन्ला बी सांगून टाकलंस!”

तात्यांचा चेहरा पार उतरला. ते तरुणाच्या हातातला कागद परत ओढायला लागले. आबा हसायला लागले, आणि मग रांगच हसायला लागली.

रांगेच्या टोकाला किटली घेऊन मंजुळाकाकी बसल्या होत्या, आबांच्या वयाच्या. “मला अक्षर दिसत न्हाय,” त्या म्हणाल्या. “ज्यानं लिवलंय त्यानं वाचून दावा.”

तात्यांनी चष्मा सारखा केला आणि वरून वाचायला सुरुवात केली. मेव्हण्यापर्यंत आले. पुढचं पान उघडलं आणि चष्मा काढून पुसायला लागले. तेव्हा आबांनी त्यांच्या हातातून झीन घेतली आणि लांब धरून स्वतःच वाचू लागले.

“‘सोपानसारखा सरळ मानूस मी ह्या पंचक्रोशीत बघितला न्हाय. त्यानं कुनाचं वाईट चिंतलं न्हाय. त्याच्या घरचा चहा...’” आबा थांबले. कागद खाली केला. “माणक्या, ह्ये जरा जास्तच लिवलंयस.”

“जास्त न्हाय,” तात्या म्हणाले. “आठच पानं हुती. जागा पुरली न्हाय.”