ते ड्रायव्हरचं खातं

"बाकी समदं ब्येस हाय, पण ह्यात उभं राहायला जागा कुठं हाय?"

धाराशिवला सोलापूर रोडवर जुन्या गाड्या विकणाऱ्याचं एक आवार आहे. तिथल्या एका पांढऱ्या मोटारीच्या मागच्या सीटवरून हा प्रश्न आला. विकणाऱ्या इरफानभाईंनी आधी गाडीच्या टपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी माझ्या चपलांकडे पाहिलं.

"चाचा, कारमधी कोन उभं राहतंय?"

"आन् एखांदा ज्यादा प्यासिंजर आला तर? वाटंत सोडायचा व्हय त्याला?"

हे आमचे शेजारी सुदामकाका. एसटीचे निवृत्त कंडक्टर. उभी हयात म्हणतात ती त्यांची खरोखरच उभ्याने गेली. अजूनही ते लग्नात जेवायला बसले की पहिली पंगत पूर्ण भरली आहे का, हे बघायला दोनदा उठतात. भिंतीकडच्या बाजूला जागा रिकामी दिसली, तर "आतमधी सरका, आतमधी सरका, लई जागा हाय" म्हणत नवरदेवाच्या मामालाही सरकवतात.

आमच्या गल्लीत काहीही हलायचं असेल तर ते काकांच्या दोन टकटकींवर हलतं. डबल बेल म्हणजे चला, सिंगल बेल म्हणजे थांबा. कुणाची मोटारसायकल निघत असली तरी ते फाटकाच्या पत्र्यावर दोनदा वाजवतात. समोरच्या घरातली मुलगी सासरी निघाली तेव्हा सगळे रडण्यात गुंतलेले होते आणि गाडी काही केल्या निघेना. शेवटी काकांनी फुलं लावलेल्या टपावर दोन थापा मारल्या. ड्रायव्हरने दचकून गिअर टाकला आणि मुलगी एकदाची सासरी गेली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मनावर घेतलं की एक गाडी घ्यायची. स्वस्तातली, जुनी, पण ऐसपैस. सकाळी निघायचं आणि दिवेलागणीला घरी यायचं. मुक्काम नाही. मुक्कामी गाड्यांच्या टपावर झोपून त्यांनी जिल्ह्यातल्या एकूण एक गावचे डास अंगावर घेतले होते. "परांड्याचा डास बरा, एकदा चावून जातुया. लोहाऱ्याचा गोदडीत शिरतुया," असं ते एखाद्या जाणकारासारखे सांगतात.

गाडी शोधायच्या कामावर त्यांनी मला नेमलं. मी घरून एका कंपनीचं काम करते. दिवसभर कानाला हेडफोन असतो, म्हणून गल्लीला मी शिष्ट वाटते. खरं म्हणजे मला जे बोलायचं असतं ते वाक्य तयार होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. काका मला लहानपणापासून 'म्याडम' म्हणतात. इंग्रजी शाळेचा टाय लावून मी रिक्षाची वाट बघत उभी असायची, तेव्हापासून. इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाला मोबाइल, आरसी बुक, इन्शुरन्स आणि इंजिन एवढं सगळं वाचता येतं, असा त्यांचा समज आहे.

इथे एक गोष्ट सांगून टाकते. मला गाडी चालवता येते. पुण्यात शिकत असताना मैत्रिणीची जुनी गाडी वर्षभर मीच चालवत होते. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, त्यामुळे चुकायला सोपं जायचं. इथे आमच्या चौकात गाडी बंद पडली, तर पाच जण पाच सल्ले देतील आणि सहावा बाबांना फोन करेल. म्हणून घरी मी 'शिकले होते, विसरले' असं सांगून ठेवलं होतं. लायसन्स पर्समध्येच असतं. बँकेत ओळखपत्र म्हणून दाखवते, एवढाच त्याचा उपयोग.

तर आम्ही गाड्या बघत हिंडलो. एक मोटार लातूरला होती, तर ती बघायला एसटीने गेलो. मी खिडकीत बसले आणि शेजारची जागा काकांसाठी धरली. काका लातूरपर्यंत दाराशी उभे. त्या गाडीचा कंडक्टर तरुण होता, बिचारा दोनदा म्हणाला, "नाना, बसा की." काका म्हणाले, "तू तिकिटं फाड, दाराकडं मी बघतो." मुरुडला एका आजीबाईंचं गाठोडं त्यांनी खाली उतरवून दिलं आणि बेलही स्वतःच दिली. तो पोरगा हातातलं मशीन घेऊन नुसता बघत राहिला.

काकांची गाडी तपासायची रीतही वेगळी. लोक टायरला लाथ मारतात, इंजिनाला कान लावतात. काका आधी सगळ्या खिडक्या खालीवर करायचे. "खिडकी अर्धीच उघडती. ओकणारानं तोंड कुठं काढायचं?" मग दारं. मग धरायला दांडी आहे का. मग टपावर सामानाचं कॅरेज बसेल का. विकणारा मोठ्या हौसेने बॉनेट उघडायचा, तर काका तिकडे पाठ करायचे.

"इंजन बघा ना चाचा, एकदम कडक हाय."

"ते ड्रायव्हरचं खातं."

ब्रेक, क्लच, अॅव्हरेज, काहीही विचारलं की एकच उत्तर. "ते ड्रायव्हरचं खातं. आपुन त्यात बोट घालायचं न्हाय. आपलं खातं प्यासिंजर." मला वाटायचं, नोकरीभर चालत आलेली शिस्त असेल. त्यापुढे माझाही विचार गेला नाही, हे कबूल करायला हवं.

सगळ्यात शेवटी काका पिशवीतून एक काठी काढायचे. साधी, सोलून गुळगुळीत केलेली बांबूची काठी. ती मागच्या सीटवर आडवी ठेवायचे, मग उभी, मग तिरकी. काठीचं टोक दाराला टेकलं की गाडी नापास.

"हे कशाचं माप हाय, चाचा?"

"हाय एक माप."

बारा गाड्या बघून बारा नापास झाल्या असत्या तरी मला काही वाटलं नसतं, पण एकदा एक लांबलचक सात सीटर आली, पत्रा चांगला, किंमत कमी, खिडक्या पूर्ण उघडणाऱ्या. आणि काठी जेमतेम बोटभर जास्त झाली म्हणून काकांनी तीही सोडली. परत आल्यावर ते रिक्षातून उतरताना पुढच्या माणसाला "सावकाश" म्हणायलासुद्धा विसरले.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडे गाड्यांची यादी द्यायला गेले. कौसाकाकू ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत बसल्या होत्या. त्यांचा उजवा पाय नेहमीसारखा ओट्यावर सरळ पसरलेला. सास्तूर त्यांचं माहेर. भूकंप झाला तेव्हा त्या माहेरी होत्या. भिंतीखालून जिवंत निघाल्या, पण पाय गुडघ्यात वाकायचा तो कायमचा थांबला. हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे आणि काकूच त्यावर सगळ्यांत जास्त थट्टा करतात. बसमध्ये त्यांना बसता येत नाही. नवरा कंडक्टर, पण त्याच्या गाडीत त्या एकदाही बसल्या नाहीत. लग्नकार्याला गेल्याच तर टेम्पोत, सतरंजीवर, आहेराच्या भांड्यांबरोबर.

काकांनी आत जाताना पिशवी ओट्यावर ठेवली. काठी घरंगळून काकूंच्या पायाशेजारी येऊन थांबली. कमरेपासून टाचेपर्यंत. एक बोट कमी नाही, एक बोट जास्त नाही.

काकूंनी माझी नजर पाहिली. "झोपले असताना मोजला त्यांनी," त्या हळूच म्हणाल्या. "त्यांला वाटतंय मला ठावं न्हाय. काठीनं गुदगुल्या झाल्या, म्या हसू दाबून पडले."

"तुम्हाला कुठं जायचंय, काकू?" मी विचारलं. एवढं वाक्य मला जमलं.

"मला काय गं. नळदुर्गला ते पाणी पडतंय ना किल्ल्यात, ते बघायचंय. ह्यांला कितींदा इचारलं, कसं दिसतंय? हे म्हणतेत, स्टँडवर भजी लई झ्याक मिळत्यात!"

"मंग काय सांगू?" आतून आवाज आला. "गाडी स्टँडवर धा मिन्टं. कंट्रोलरकडं पावती करू का धबधबा बघू? तुळजापूर म्हन, परांडा म्हन, समदी स्टँडं पाठ हायेत मला. त्याच्या भाईर काय हाय, देव जाणं."

मग ते बाहेर आले आणि त्यांनी मला एक पाटी दाखवली. लाल पाटीवर पांढरी अक्षरं, त्यांनी स्वतः रंगवलेली: 'धाराशिव – नळदुर्ग – धाराशिव'. खाली 'विनाथांबा'. गाडीचा पत्ता नव्हता, पण पाटी तयार होती.

पुढच्याच आठवड्यात इरफानभाईंचा फोन आला. शाळेच्या मुलांना ने-आण करणारी एक जुनी चौकोनी व्हॅन आली होती. रंग उडालेला पिवळा. मागे दोन्ही बाजूंना लांब बाकडी. काकांनी काठी बाकावर ठेवली. काठी मावली, वर वीतभर जागा उरली. काका आत उभे राहिले. मान मोडून का होईना, पण उभे राहिले. बाहेर येऊन म्हणाले, "म्याडम, काकूला आनू."

काकूंना रिक्षाने आणलं. पाय रिक्षाबाहेर, आणि काका पुढे ड्रायव्हरशेजारी अर्धे लोंबकळत "बाजू, बाजू" करत. "सळ्या न्हेतेत तसं लाल फडकं बांधा माझ्या पायाला," काकू मागून ओरडत होत्या.

इरफानभाईंनी स्टूल आणलं. काकू चढल्या, बाकाच्या टोकाला टेकल्या, पाय उचलून बाकावर पुढे ठेवला. तो पूर्ण पसरला. समोर कशालाही न अडता. काकूंनी बाक चाचपला, खिडकी चाचपली.

"आवो," त्या म्हणाल्या, "बसले की मी."

काकांनी खिशातला रुमाल काढून उगीच पाटी पुसली आणि पुढच्या काचेत नेऊन उभी केली. इरफानभाईंनी किल्ली त्यांच्या हातात दिली. "जावा चाचा, हातलाईच्या तळ्यापर्यंत एक चक्कर मारून या. मंग बोलू."

काका किल्ली घेऊन मागच्या बाजूने आत चढले. दार लावून घेतलं. मान वाकवून उभे राहिले आणि त्यांनी टपावर आतून दोनदा टकटक केलं.

काहीच झालं नाही.

त्यांनी पुन्हा दोनदा वाजवलं.

"चाचा," इरफानभाई खिडकीशी येऊन म्हणाले, "चालवनार कोन?"

"ड्रायव्हर."

"कुठंय?"

काकांनी पुढच्या सीटकडे पाहिलं. ती रिकामी होती. गेले कित्येक महिने त्यांनी खिडक्या पाहिल्या, दारं पाहिली, कॅरेज पाहिलं, पाटी रंगवली. आणि त्या सीटकडे एकदाही पाहिलं नव्हतं. ते दुसऱ्याचं खातं होतं. सगळे प्रवासी बसलेत, पाटी लागली आहे आणि ड्रायव्हर कँटीनमधून आलाच नाही, तसा त्यांचा चेहरा झाला.

"ड्रायव्हर डेपो देतुया," ते अगदी हळू म्हणाले.

इरफानभाईंना हसू येत होतं, पण त्यांची नजर काकूंकडे गेली आणि त्यांनी ते गिळलं. "रोजावर मानूस देतो की मी. फिकीर नको, चाची."

"परक्या बाप्याम्होरं पाय पसरून दिसभर बसू व्हय?" काकू म्हणाल्या. "न्हाय बाबा. माझ्यानं न्हाय व्हायचं." मग काकांकडे बघून, आवाज खाली आणून, "ऱ्हाऊ द्या आवो. बसून तर बघितलं. लई झालं."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी पाय उचलून खाली घ्यायला सुरुवात केली.

 काकांनी काठी पिशवीत घातली. मग जन्मभराच्या सवयीने, कुठल्यातरी आडगावच्या फाट्यावर गाडी थांबवावी तसं, टपावर एकदाच वाजवलं. सिंगल बेल.

"म्याडम, दार उघडा," ते म्हणाले. "काकू उतरनार हायेत."

मी दार उघडलं, पण पुढचं. आत बसले. सीट फार मागे होती, ती पुढे ओढली. आरसा वाकवला. आरशात आधी काकूंची टाच दिसली, अर्धवट उचललेली. मग काकांची वाकलेली मान. गिअर हलवून पाहिला, न्यूट्रलला होता.  बाहेर इरफानभाईंच्या आवारातले तीन-चार लोक कामं सोडून बघायला लागले होते, आणि त्यांतला एकजण सल्ला देण्याच्या बेताने पुढेही निघाला होता.

मी न वळता हात मागे केला.

 मग तळहातावर किल्ली आली, काकांच्या मुठीतून गरम झालेली.

"म्याडम?" काका म्हणाले.

काकूंची टाच आरशात अजून तशीच अधांतरी होती. मी किल्ली फिरवली. व्हॅन खोकली, थांबली, पुन्हा खोकली आणि सुरू झाली. या वेळी वाक्य आधीच तयार होतं.

"काका," मी म्हणाले, "डबल बेल द्या."