धक्क्यावरची शकुमावशी

आमच्या शकुमावशीसमोर कुणी "जातो" म्हटलं की तिच्या अंगावर काटा येतो. "जातो न्हाय, येतो म्हण!" हे ती पोस्टमनला सांगते, गॅसवाल्याला सांगते. सोलापुरात असताना एकदा तिनं फोनवरच्या राँग नंबरलासुद्धा सुनावलं होतं.

ही मावशी कोकणातल्या एका छोट्या बंदरावर लेकीकडं आठ दिवसांसाठी म्हणून गेली, ती वर्ष झालं तरी परत येईना. तिचा मुलगा सुरेशदादा हैराण. शेवटी त्यानं मला पिटाळलं. "काय पण कर, आईला घेऊनच ये."

एसटीनं हाडं खिळखिळी करून पहाटे उतरलो, तर मावशी स्टँडवर हजर. चहा नाही, पाणी नाही, मला थेट धक्क्यावरच ओढलं. "चल चल, बोटी सुटायच्या टायमालाच आलास बघ!"

आणि काय सांगू! अख्खा धक्का जागा. बर्फ फोडायचा खडखडाट, इंजिनांचा धूर, जाळी ओढणारे खलाशी, मासळीचा भपका आणि पलीकडं समुद्र! आमच्याकडं टँकर आला की गल्ली घागरी घेऊन पळते, आणि इथं एवढं पाणी नुसतंच पडलेलं. मी आ वासून बघत राहिलो. मावशी मात्र पदर खोचून प्रत्येक बोटीपाशी.

"ए तांडेल, न सांगता निगालास व्हय रं?"

अख्खी बोट ज्याला टरकून असते तो दांडगा तांडेल कान पकडून म्हणाला, "येतो, मावशी."

कर्नाटकातल्या खलाशांचीही सुटका नाही. मावशीचं माहेर अक्कलकोटकडचं, कन्नड तोंडात बसलेलं. एकजण घाईत "होगतीनी", म्हणजे जातो, म्हणाला. झालं! दोर सोडलेली बोट तिनं थांबवली. तो "बरतीनी, बरतीनी, येतो!" असं दोनदा ओरडला, तेव्हा कुठं बोट हलली. मला एवढा चेव आला की मीही हात हलवत ओरडायला लागलो. ओळख ना पाळख, पण खलाशीही उलट ओरडत होते.

बोटी खाडीबाहेर पडल्या तेव्हा मी विषय काढला. "मावशी, चल की आता घरी."

ती जाळ्यांच्या ढिगावर टेकली.

"सुऱ्या लई गुणाचा हाय रं. काय कमी केलं न्हाय. पण सकाळी निगताना मला सांगत न्हाय. मी आपली जागीच पडलेली असती. दाराचं लॅच टक्क वाजतं, मग कळतं, गेला. सून गेली, परत टक्क. न सांगता गेलेल्याची वाट कशी बगायची, सांग की. हितं सांगून जात्यात, सांजच्याला येत्यात."

ती बर्फवाल्याशी बोलायला उठली, तसा मी बाजूला जाऊन दादाला फोन लावला आणि तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

तो म्हणाला, "आरं, मला वाटायचं ती झोपलीय. झोपमोड नको म्हणून मी चपला हातात घेऊन निघायचो."