आठवड्याचा हिरो

मुलांना शिस्त लावायची, असं भूपेश तरेने एका संध्याकाळी ओल्या टॉवेलवर बसल्या बसल्या ठरवलं. टॉवेल त्याचाच होता, सकाळी त्यानेच पलंगावर टाकला होता. पण पँट भिजल्यावर तो ओरडला मुलांवर.

"ईरा! सार्थक! या घरात कोणाला काही वळण आहे का नाही?"

ईरा सातवीत, सार्थक तिसरीत. दोघांनी टॉवेलकडे पाहिलं, मग पप्पांच्या पँटकडे पाहिलं, आणि दोन्ही शहाणी पोरं असल्यामुळे काही बोलली नाहीत.

भूपेश भिवंडीजवळच्या पूर्णा गावात एका मोठ्या गोडाऊनमध्ये शिफ्ट इन्चार्ज होता. तिथे खोका हलला की स्कॅन, माल रॅकवर लागला की फोटो, फोटो ग्रुपवर गेला की साहेबांचा शाबासकीचा अंगठा. सगळं कसं सुरळीत. आणि धामणकर नाक्याच्या मागे, खालच्या पॉवरलूमची खडखड दिवसभर ऐकू येणाऱ्या त्याच्या स्वतःच्या घरात मात्र चपला एका कोपऱ्यात, दप्तरं दुसऱ्या कोपऱ्यात आणि पाण्याच्या बाटल्या कायम रिकाम्या. (बाटल्या कोण रिकाम्या करतं हा प्रश्न त्याने स्वतःला कधी विचारला नव्हता.) त्याने त्याच रात्री मोबाईलवर 'शाबास घर' नावाचं एक ॲप उतरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं, शिफ्ट सुरू होताना लोडरना करतो तसं.

"प्रत्येकाची कामं ॲपमध्ये टाकलेली आहेत. काम करायचं, फोटो काढायचा, अपलोड करायचा. फोटो आला की तारे. आठवड्याचे तारे बघून खाऊचे पैसे. ज्याचे तारे सगळ्यात जास्त तो आठवड्याचा हिरो. काही शंका?"

"पप्पा, फोटो नसेल तर?" सार्थकने विचारलं.

"फोटो नाही तर काम झालंच नाही."

त्याची बायको करिष्मा शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. डबा भरता भरता ती म्हणाली, "अहो, तुमची पण कामं टाका की त्यात."

"टाकतो ना! इन्चार्जने स्वतः करून दाखवायला पाहिजे," भूपेश म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या नावापुढे बाटल्या भरणे, बाल्कनी पुसणे आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे ही कामं ऐटीत टाकली. गुणाबाई, म्हणजे भूपेशची आई, पडघ्याजवळच्या गावाहून त्यांच्याकडे राहायला आली होती. ती कोपऱ्यात मेथी निवडत होती. तिचं नाव ॲपमध्ये टाकायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ती तर काम करायचीच.

सुरुवातीला घरात चमत्कार झाला. चपला रांगेत लागल्या. ईराने दप्तर आवरलं, गादी आवरली, फ्रिजही आवरला. सार्थकने फोटो काढण्याआधी बेसिन इतकं घासलं की नळ हलायला लागला. भूपेशने हे सगळं गोडाऊनमध्ये सांगितलं, आणि सांगताना थोडं वाढवलं. ते ऐकून त्याचे मॅनेजर हिरामण साहेब खूश झाले.

"तरे, कमाल आहे! रविवारी आम्ही भिवंडीत एका साखरपुड्याला आहोत. येताना तुमच्याकडे चहाला येतो. दाखवा मला ते ॲप. तुमच्यासारखी कल्पक माणसं वर जायला पाहिजेत."

वर! भूपेश त्या दिवशी फोर्कलिफ्टच्या मागूनसुद्धा छाती काढून चालला.

पण चमत्कार आंबायला लागला होता. सार्थक आता आधी पाणी सांडायचा आणि मग पुसायचा, कारण पुसण्याला तारे होते. ईरा फोटोत येईल तेवढाच पलंग आवरायची. आणि एका दुपारी गुणाबाईने गोळी तोंडात टाकून हाक मारली, "ईरा, बाला, जरा पानी दे गो."

ईरा मोबाईलमध्ये डोकं घालून म्हणाली, "आजी, ते लिस्टमध्ये नाहीये. पप्पांना टाकायला सांग ना."

भूपेश तिथेच होता. आणि तो हसला! "बघ आई, पोरीला सिस्टीम कशी बरोबर कळली!"

गुणाबाईने कडू तोंड केलं. गोळीमुळे असेल, असं त्याला वाटलं. ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि स्वतःच पाणी प्यायली.

शनिवारी भूपेशने साहेबांना दाखवण्यासाठी ॲप उघडलं. ईरा पहिली, सार्थक दुसरा, आणि सगळ्यात खाली भूपेश. त्याच्या नावापुढे एकही तारा नव्हता. बाजूला ॲपवाल्यांनी एक रडकं अस्वलही काढलं होतं.

हे साहेबांनी पाहिलं तर? वर कसला जातोय, आहे तिथूनही खाली यायचा. आता बसून सगळी कामं करावीत, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. (येऊन गेला, थांबला नाही.) तेवढ्यात स्वयंपाकघरातून नळाचा आवाज आला. गुणाबाई बाटल्या भरत होती. भूपेश दारात गेला, मोबाईल काढला आणि खटकन फोटो घेतला.

"काय रं?" आईने विचारलं.

"काही नाही. तू चालू ठेव."

मग ती बाल्कनी पुसायला गेली, तिथलाही फोटो. मग तिने कपाटासमोर बसून घड्या घातल्या, तोही फोटो. एकदा मनाला काहीतरी टोचलं; त्याने स्वतःला समजावलं की घर एकच आहे, काम झाल्याशी मतलब. संध्याकाळपर्यंत भूपेश सगळ्यांच्या वर होता आणि अस्वल नाचत होतं.

रविवारी हिरामण साहेब आले. सोबत त्यांच्या मिसेस, नीलावहिनी. करिष्माने पोह्यांची तयारी केली होती. साहेब जिना चढून घामाघूम झाले होते. सोफ्यावर टेकत ते म्हणाले, "बाळा, आधी एक ग्लास पाणी दे बघू."

सार्थकने अदबीने विचारलं, "अंकल, किती तारे देणार?"

साहेब हसले. पोरगं गंमत करतंय असं त्यांना वाटलं. पोरगं जागचं हललं नाही तेव्हा ते हसायचे थांबले. करिष्माने भूपेशकडे असं पाहिलं की त्याचीच तहान गेली. पाणी शेवटी गुणाबाईने आणून दिलं.

"लहान आहे, साहेब," भूपेश घाईघाईने म्हणाला. "तुम्ही सिस्टीम बघा." त्याने मोबाईल टीव्हीला जोडला आणि 'आठवड्याचा हिरो' हे बटण दाबलं. दाबल्यावर काय होतं हे त्याने आधी बघितलंच नव्हतं.

टीव्हीवर फुगे उडाले. टाळ्यांचा कडकडाट झाला. एका बाईचा मशीनसारखा आवाज आला, "शाबास, भू-पेश! बाटल्या भरल्या!" आणि मोबाईलवर अंगठ्याएवढा दिसणारा फोटो भिंतीभर पसरला. पाच बाटल्या, नळ, आणि नळाखाली बाटली धरलेला एक हात. कोपरापर्यंत बांगड्या घातलेला.

सार्थक टीव्हीजवळ गेला. "पप्पा, तुम्ही बांगड्या घालता?"

उत्तर आलं ते गुणाबाईच्या तोंडून. लेक अडचणीत आहे एवढंच तिला कळलं होतं.

"त्या मीच त्याला घातल्या व्हत्या," ती ठामपणे म्हणाली. "मापाला. हौस हाय त्याला."

नीलावहिनींना पोह्याचा ठसका लागला.

"शाबास, भू-पेश! बाल्कनी पुसली!" टाळ्या. ओली चकचकीत फरशी, आणि फरशीत जांभळ्या लुगड्याचा काठ व अनवाणी पायांची बोटं. भूपेश रिमोट शोधायला लागला. सापडल्यावर त्याने जे बटण दाबलं ते आवाजाचं निघालं.

"शाबास, भू-पेश!! घड्या घातल्या!!" आता खालच्या लूमवाल्यांनाही ऐकू गेलं असेल. कपड्यांची रास होती आणि मागच्या कपाटाच्या आरशात गुणाबाईचा सबंध चेहरा. दमलेला, घाम पुसत असलेला.

सगळ्यांनी गुणाबाईकडे पाहिलं. ती क्षणभर गडबडली. "मी आरशान नुसती बघत व्हती," ती म्हणाली. "काम त्याचाच हाय."

ईरा हळूच म्हणाली, "आजी, तुझे तारे पप्पांनी घेतले."

ती रागाने बोलली असती तर भूपेशने तिला दटावलं असतं. ती रागाने बोलली नाही. तिला नुसतं वाईट वाटलं होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. भूपेशच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आईचा तो आरशातला चेहरा टीव्हीवर तसाच अडकून राहिला होता आणि वरून फुगे पडत होते.

हिरामण साहेबांनी चमचा खाली ठेवला. "तरे, गोडाऊनमधून माल लावल्याचे फोटो येतात तुमच्या नावाने, ते काम कोणाचं असतं?"

"लोडर लोकांचं, साहेब," भूपेश पुटपुटला. आता खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

"आणि रिपोर्ट?"

"माझ्या नावाने."

"आणि तोच रिपोर्ट हे स्वतःच्या नावाने मुंबईच्या हेड ऑफिसला पाठवतात," नीलावहिनी डोळे पुसत म्हणाल्या. साहेबांना अचानक आठवलं की रस्त्यात ट्रॅफिक लागेल. कोणाला वर न्यायचं हा विषय निघाला नाही.

पाहुणे गेले. करिष्माने मोबाईल घेतला आणि ॲप काढून टाकलं. भूपेश आईजवळ जाऊन बसला. बराच वेळ त्याने चादरीचा धागा ओढला.

"आई, चुकलं माझं."

"चुकला तर," गुणाबाई म्हणाली. "फोटो काढाचा त नीट काढाचा. बांगड्या दिसतील यवढा कलत न्हाय?"

"फोटोचं नाही म्हणत गं. तू ईराकडे पाणी मागितलंस आणि मी हसलो."

गुणाबाईने त्याच्या बोटांतून चादरीचा धागा सोडवला. मग म्हणाली, "त्या दिवशी मना गावाला जावासा वाटला व्हता. तिथं पानी मागाया कोनी न्हाय, पन न्हाय म्हनाया बी कोनी न्हाय."

दारात उभी असलेली ईरा आत गेली आणि ग्लास भरून घेऊन आली. गुणाबाईला तहान नव्हती, तरी तिने सगळा ग्लास संपवला.

दुसऱ्या दिवशी भूपेश सगळ्यांच्या आधी उठला. बादली भरली, बाह्या वर केल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा बाल्कनी पुसली. कुंड्या सरकवून पुसली, कठडा पुसला, कबुतरांनी केलेलं सगळं नाक दाबून खरवडलं. कंबर धरली, पण मनावरचं ओझं बरंच उतरलं. गुणाबाई उठून आली, तेव्हा तो बादलीला टेकून धापा टाकत होता.

तिने बाल्कनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. लेकाच्या पाठीवरून हात फिरवला.

"बेस झाली रं बाला. लय बेस. जा, च्या पी जा."

भूपेश भरल्या मनाने आत जाऊन चहा घेऊन बसला. पहिला घोट घेतला तोच बाल्कनीतून फडकं पिळल्याचा आवाज आला. मान वळवली तर गुणाबाई कुंड्या पुन्हा सरकवून, आवाज होऊ नये म्हणून अलगद, सगळी बाल्कनी पहिल्यापासून पुसत होती.

भूपेशने पटकन तोंड फिरवलं आणि काहीच दिसलं नाही असं दाखवत चहा पीत राहिला. तेवढं एक काम मात्र त्याला अगदी व्यवस्थित जमलं.