तिकिटाएवढी ढील

नामदेव मिस्त्रीने स्वतःच्या मुलाच्या पाळण्याला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे ठोकले होते. झोका ठोकळ्यापर्यंत जायचा आणि टक्‌ करून परत यायचा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "झोका पायजे, शेट. पन मोकाट नको. तिकिटाएवढी ढील ठेवली का बास."

तिकीट म्हणजे एसटीचं. मिस्त्रीच्या खिशात कशेळ्याच्या गाडीचं जुनं तिकीट कायम असायचं आणि जगातली प्रत्येक फट तो त्यानेच मोजायचा. दाराची कडी असो, बाजेची नवार असो, शेळीचं दावं असो, निकाल ठरलेला. माझ्या मुलीच्या लग्नात नवरदेवाच्या हातातली अंगठी फिरवून बघत तो भर मांडवात म्हणाला, "ढील जास्त हाय, पडंल." व्याही दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

खोपोलीत, शिळफाट्याला, त्याचं गॅरेज आणि माझं स्पेअर पार्टचं दुकान यांच्यात एकच भिंत होती. भिंत मी बांधली, खिळे त्याने ठोकले. पण खरी ठिणगी पडायची ती टॅपेटवरून. तेव्हा बोरघाटातून जुन्या मोठ्या अमेरिकन गाड्या धावायच्या. त्यांच्या इंजिनात झडपा उचलणारे, तेलावर चालणारे टॅपेट असत. नळीत एक दट्ट्या, दट्ट्याखाली तेल. तेल नीट भरलेलं असेतो इंजिन गपगार. टॅपेट जुना झाला आणि घाटात तेल तापून पातळ झालं, की दट्ट्या खाली बसायचा आणि बॉनेटखाली टिकटिक सुरू व्हायची. यावर सरळ उपाय म्हणजे नवे टॅपेट घ्यायचे, आणि ते मुंबईहून मागवून मी विकायचो. मिस्त्री मात्र जुनाच टॅपेट उघडायचा, दट्ट्याखाली पोलादी वायसर सारायचा आणि तेल असो नसो, दट्ट्याला खाली बसायला जागाच ठेवायचा नाही. वरती ढील उरायची तिकिटाएवढी.

हे वायसर तो गॅरेजच्या दारात बसून काचेच्या तुकड्यावर पेस्ट लावून घासायचा. घासायचा, तिकिटाशी लावून बघायचा, पुन्हा घासायचा. माझ्या डोळ्यांदेखत माझं गिऱ्हाईक असं झिजत जाताना पाहून मी चिडायचो. तो वर न बघता विचारायचा, "च्या घेनार का?" घ्यायचो. काय करता! त्याच्या हातची गाडी घाट चढून-उतरून आली तरी बॉनेटवर कान ठेवावा लागे, चालू आहे की बंद ते कळायला.

अपवाद फक्त एक. त्याच्या स्वतःच्या मुलाची टॅक्सी.

पाळण्यातला तो प्रकाश आता पुण्याच्या फेऱ्या मारत होता. गाडी जुनी डॉज, इंजिन बापाने हाताने बांधलेलं, आणि तरी रोज संध्याकाळी घाट उतरून आली की टिकटिक टिकटिक. सगळे टॅपेट शांत आणि एक बोलका. शिळफाट्यावर हसू व्हायचं. मी तर तोंडावर सांगायचो, "मिस्त्री, एक वायसर टाका की हो. अब्रू जाते आहे."

"बघू," म्हणायचा आणि बोल्ट पिळायला लागायचा.

मग एकदा पुण्याचे एक कारखानदार आले. दारी तीन मोठ्या गाड्या, तिन्हींचं काम कायमचं मिस्त्रीला द्यायचं ठरवून आले होते. मिस्त्रीने उभ्या आयुष्यात एवढं काम पाहिलं नव्हतं. बोलणं पक्कं होत होतं, तेवढ्यात प्रकाशची डॉज टिकटिकत आत आली. साहेबांनी ऐकलं, हसले. "घरची गाडी ही अशी बोलते, मग आमच्या गाड्या तुम्ही काय गप्प करणार?" गाडीत बसले आणि निघून गेले. मिस्त्री एका शब्दाने आडवा गेला नाही. प्रकाशचं तोंड मात्र उतरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री रसायनीला एका ट्रकच्या कामाला गेला. प्रकाशने तेवढ्यात इंजिन उघडलं, तो बोलका टॅपेट काढला, बापासारखाच काचेवर वायसर घासून आत बसवला आणि फेरीवर गेला. बापाला खूश करायचं होतं त्याला.

संध्याकाळी मिस्त्री परतून एका जीपखाली काम करत होता. जरा वेळाने बाहेर आला. हात पुसले. पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला. मग रस्त्याच्या कडेला जाऊन घाटाकडे तोंड करून उभा राहिला. मागवलेल्या चहावर साय धरली. मी हाक मारली तर ओ दिली नाही. हातातल्या तिकिटाची त्याने घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्याला घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

एवढ्यात मागच्या गल्लीतल्या घरातून, जेवून हात पुसत, प्रकाश आला. "बाबा, हितं का उभं? मी आलो कवाच. गाडी आता गप हाय बगा!"

मिस्त्री वळला. क्षणभर मला वाटलं, पोराला मारतो. त्याने पोराची कॉलर धरली, सोडली, नीट केली.

"गप कुनी करायला सांगितली रं तुला?" आवाज फाटला होता. "जीपखाली पडलेला असतो मी. तू घाट उतरून आला का नाय, ते मला कळाया नको?"

प्रकाश खाली बघत उभा राहिला. मीही उगाच दुकानात शिरून एक डबा इकडचा तिकडे केला. या माणसाने एवढं काम, एवढी अब्रू हातची जाऊ दिली होती, आणि मी त्याला वायसर टाकायला सांगत होतो.

पुढच्या संध्याकाळी घाटाच्या बाजूने टिकटिक ऐकू आली. जीपखालचा पान्याचा आवाज थांबला. टिकटिक दारावरून मागच्या गल्लीत गेली तसा जीपखालून मिस्त्रीचा आवाज आला.

"शेट, बघा. इतकं सांगून पोरगं काय गाडी दुरुस्त करत नाय. च्या घेनार का?"