एकाच ताग्यातली मंडळी

कल्लाप्पा मगदुमांच्या बायकोचं चित्र काढायला फ्रान्सहून जो चित्रकार आला, त्याला वारून शंभरेक वर्षं झाली होती. पण पत्ता बरोबर होता, त्यामुळे त्याला कुणी अडवलं नाही.

"बसा," तो म्हणाला. मराठी चांगलं होतं. मेल्यावर भाषेची अडचण राहत नाही म्हणे.

पद्मावतीबाई बसल्या. भर दुपारी, खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून नुसतं बसा, असं त्यांना लग्नापासून कुणी सांगितलं नव्हतं. फार बरं वाटलं त्यांना.

आता इचलकरंजीत कापड काही मीटरवर घेत नाहीत. ओळखीतून अख्खा तागाच घरी येतो. मगदुमांकडे निळ्या पानांचा आला होता. त्याचे पडदे झाले, अभ्रे झाले, फ्रिजला झगा झाला, दळणाची पिशवी झाली, आणि उरल्यात पद्मावतीबाईंचा गाऊन. चित्रकार दिसेल तेच काढणारा. त्यानं पानं काढली, पानांना लागून पानं काढली, आणि चहाच्या वेळेपर्यंत पद्मावतीबाई पडद्यात मिसळून गेल्या. चित्रातही, घरातही.

कल्लाप्पा डुलकी काढून उठले. "अगं ए! चहा!"

पद्मावतीबाईंना ऐकू आलं. पण बूड हलवावंसं वाटेना.

"कुठं गेली ओ ही?"

"इथंच आहेत," चित्रकार ब्रश पुसत म्हणाला. "चित्र पुरं झालंय. खाली नाव पडलं की मोकळ्या होतील. त्याशिवाय मला सोडता येत नाही. नाव सांगा."

"आमची मंडळी."

चित्रकारानं खोलीभर पाहिलं. "बाकीचे कुठं आहेत?"

"बाकीचे कोण? एकटीच मंडळी आमची!"

"एकट्या माणसाला मंडळी लिहिता येत नाही."

"मग लिवा, घरातली."

"घरातला फ्रिजपण आहे."

कल्लाप्पांचे कान लाल झाले. परक्या माणसासमोर बायकोचं नाव घ्यायचं? त्यांनी खिडकीतून गल्ली बघितली, खाकरले, आणि पुटपुटले, "पद्मा."

"ऐकू नाही आलं," पडदा म्हणाला.

"पद्मावतीबाई!"

"बाई कशाला? मी काय शाळेत शिकवते?"

"पद्मा!" कल्लाप्पा असे ओरडले की समोरच्या गॅलरीत दोघी बाहेर आल्या.

चित्रकारानं नाव लिहिलं, चित्र भिंतीला टेकवलं, चपला घातल्या आणि "येतो" म्हणाला.

"सावकाश जावा," कल्लाप्पा म्हणाले.

पडद्यातून एक हात सुटला, मग दुसरा, मग सगळ्या पद्मावतीबाई. पण खुर्चीतच.

"सुटलीस न्हवं? ऊठ की मग."

"उठते. अजून एकदा घ्या."

"काय?"

"नाव."

कल्लाप्पांनी घेतलं. ह्या खेपेला जरा सुरात आलं. "आता चहा?"

"टाका की. साखर खालच्या फळीवर, डाव्या हाताला. माझ्यात आलं जास्त."

कल्लाप्पा आत गेले. पद्मावतीबाईंनी पाय वर घेतले.