सिस्टरना कळता कामा नये

सोसायटीत कोणी नवीन राहायला आलं की सुमन सिस्टर त्याचं नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. विचारतात, "आईवडिलांचे कितवे?"

मी पहिल्याच दिवशी बेसावधपणे म्हणालो, "चौथा."

"म्हणजे जास्तीचे," सिस्टर म्हणाल्या. "बसा. चहा घेणार?"

सिस्टरची सगळी नोकरी कुटुंबनियोजनाच्या प्रचारात गेली. आमचं हे वारजे तेव्हा गाव होतं. सायकल हातात धरून त्या बांधाबांधाने जायच्या, विहिरीवर बायकांना गाठायच्या आणि "दोन पुरेत" म्हणून समजावायच्या. बायका ऐकून घ्यायच्या, ओटीत पेरू घालायच्या आणि पुढच्या वर्षी बारशाला बोलवायच्या. निवृत्त झाल्यावर शहरातली भाड्याची खोली सोडून सिस्टरनी इथेच फ्लॅट घेतला. का, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "इथली हवा आठवत होती. पैसे भरले, मग खिडकी उघडली."

त्या खिडकीशी त्या प्रत्येक पाहुण्याला उभं करतात. "ती निळी टाकी दिसते? तिथे ज्वारी. ती जिम आहे ना, तिथे पेरूची बाग. आणि वास येतोय तो ओढा. त्याचं पाणी मी ओंजळीने प्यायलेय." पाहुणा हळहळला की लगेच, "तुम्ही कितवे?"

आमची इमारत ज्यांच्या शेतावर उभी आहे ते बबनराव तळमजल्यावर राहतात. पाच भावांतले धाकटे. ते सिस्टरना मुद्दाम डिवचतात. "सिस्टर, आमच्या आईनं तुमचं आईकलं न्हाय म्हनून म्या हितं हाय."

"आणि म्हणून ज्वारी नाही," सिस्टर म्हणतात. "पाच वाटण्या झाल्या तेव्हा तुमच्या तुकड्यात बैल तरी वळत होता का?"

यावर बबनराव हसून मान डोलावतात. कारण बैल खरंच वळत नव्हता. म्हणून तर जमीन विकली.

अशा बाईच्या डोक्यावरच्या मजल्यावर मेघना राहायची. दोन मुलींची आई. तिला तिसऱ्यांदा दिवस गेले, ध्यानीमनी नसताना. नवराबायकोने बराच विचार करून मूल ठेवायचं ठरवलं, आणि ती आमच्या हिच्यापाशी येऊन रडली. "सगळ्यांना सांगा काकू. फक्त सिस्टरना कळता कामा नये."

सगळी इमारत कटात सामील झाली. सिस्टर लिफ्टने ये-जा करतात म्हणून मेघना ओढणी पसरून जिना चढू लागली. सिस्टर खाली दिसल्या की बबनराव मोठ्याने खोकून तिला इशारा द्यायचे. असे बरेच महिने गेले. एकदा मी तिथेच उभा असताना बबनरावांनी खोकायला सुरुवात केली आणि सिस्टर थांबल्या.

"छाती स्वच्छ आहे तुमची. खोकू नका उगाच," त्या म्हणाल्या. "आणि तिला सांगा, आता जिने चढायचे नाहीत. चाल बदलली तेव्हाच मला कळलं होतं. लिफ्टने जा म्हणावं. मी जाईन जिन्याने."

आणि त्या गुडघ्यावर हात ठेवत खरंच जिना चढू लागल्या.

बाळ घरी आलं त्या दुपारी आम्ही बघायला गेलो होतो. तेवढ्यात सिस्टर आल्या. मेघना चाचरत म्हणाली, "तिसरी आहे, सिस्टर."

"मोजता येतं मला."

त्यांनी साबणाने हात धुतले, निगुतीने पुसले आणि बाळाच्या मानेखाली तळवा सरकवला. इतकी घरं पालथी घालणाऱ्या सिस्टरनी स्वतः लग्न केलं नव्हतं. त्यांच्या हातात मूल असलेलं आम्ही कोणी कधी पाहिलं नव्हतं.

"रागावलात?" मेघनाने विचारलं.

"रागावलेय. पण तुझ्यावर. हिच्यावर कशाला?"

बाळाला घेऊन त्या खिडकीशी गेल्या. खाली रस्ता हॉर्नने नुसता कोंदला होता. मेघनाने हात पुढे केले, पण सिस्टरचं लक्षच नव्हतं. पाठमोऱ्याच त्या बाळाला हळूच काहीतरी सांगत होत्या. मी जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं.

"आलीस ना? गर्दी आहे गं फार. असू दे. आम्ही सरकून बसू."