बोटीचा उरलेला लाल रंग

घराला रंग द्यायला दुकानात जाणारा माणूस मला कधी कळलाच नाही. न्यूफाउंडलंडच्या आमच्या बंदरात बोट रंगवून जो रंग उरतो तो घराला, हा बापजाद्यांचा रिवाज. एकट्या मिस पार्डीबाईंचं घर तेवढं बाहेरून प्लास्टिकच्या पट्ट्या ठोकलेलं, जन्मात ब्रश न लागलेलं. मी आणि माझा धाकटा भाऊ लिअँडर कशावर एकत्र हसत असू, तर त्या घरावर. एरवी आमचं पटत नाही.

यंदा तर अजिबातच नाही. माझी मुलगी ग्लेंडा हॅलिफॅक्सला नर्स आहे. ती पहिलं बाळ घेऊन शनिवारी येणार होती, आणि खाडीपलीकडे लिअँडर पाळणा पुसून गावभर सांगत होता, "सेल्बीच्या घराची पार रया गेलीय. पोर माझ्याकडेच राहणार." आता तुम्हीच सांगा, आजोबा कोण? मी की तो?

मी शेडमधून लाल रंगाचे डबे काढले. आयव्ही, म्हणजे माझी बायको, दारात उभी.

"अरे, तो बोटीचा रंग. डोकं उठवतो. दुकानात पाण्यात कालवलेला मिळतो, त्याला वास कमी."

"मी बाहेरून लावणार. वास बाहेरच राहील. मध्ये भिंत कशाला बांधलीय?"

शिळ्या माशाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंत घर असं लालबुंद झालं की पलीकडे लिअँडर त्याच्या पायरीवर येऊन बघत राहिला. मी मुद्दाम ब्रश हलवून दाखवला. फक्त वारा समुद्रावरून घराकडे होता, त्यामुळे वास उघड्या खिडक्यांतून आत यायला लागला. मी झटकन सगळ्या खिडक्या लावल्या. शनिवारी आयव्हीने खारवलेलं मांस आणि कोबी शिजत ठेवला, तेव्हा मी चुलीवरचा पंखाही लावला. म्हटलं, उरलासुरला वास ओढून बाहेर फेकेल.

दुपारपर्यंत कोबीला बोटीची चव आली. आयव्हीचे डोळे लाल, माझं डोकं ठणकतंय. मी म्हटलं, कांद्यामुळे असेल. ती म्हणाली, कांदा घातलेलाच नाही.

तेवढ्यात ग्लेंडा बाळाला घेऊन आली आणि उंबऱ्यावरच थांबली.

"बाबा, हे काय आहे?"

"लाल. आवडला?"

"वासाचं विचारतेय. पंखा आतली हवा बाहेर फेकतोय, मग तेवढीच हवा फटीफटीतून आत येणार, ती पण ओल्या रंगावरून. डोकं दुखतंय ना तुझं?"

"छे."

"मग डोळ्यांत पाणी का?"

"नात बघून," मी म्हणालो, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं.

तिने पिशवी उचलली आणि लिअँडरकडे निघाली. मागोमाग आयव्ही गेली. कोबीचं पातेलंही गेलं.

रविवारी सकाळी मला घरात वास येईना. म्हणजे रंग वाळला! मी मोठ्या मनाने उरलेला डबा घेऊन लिअँडरकडे गेलो. "तुझं घर फारच फिकं दिसतं रे. बाळाच्या फोटोत मागे तेच येणार." एवढंच बोललो. चर्चनंतर गडी शिडीवर! थोड्याच वेळात ग्लेंडा बाळाला घेऊन बाहेर पडली.

"चल पोरी, घरी," मी म्हणालो. "आपल्याकडचा वास गेला."

"वास गेला नाही, बाबा. त्याची सवय होऊन तुझं नाक मेलंय." आणि ती सरळ मिस पार्डीबाईंच्या प्लास्टिकच्या घरात शिरली.

आता आम्ही दोघे भाऊ त्या घराच्या पायरीवर बसलोय. हात कोपरापर्यंत लाल. हात साफ केल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही, असा हुकूम आहे. हा रंग टर्पेंटाइनशिवाय निघत नाही, आणि टर्पेंटाइनचा वास घेऊन आत यायचं नाही, असाही हुकूम आहे. पोर काचेतून दिसते. फार गोड आहे. लिअँडर म्हणतो, नाक त्याच्यावर गेलंय. मी म्हणतो, माझ्यावर.

ग्लेंडा काचेआडून म्हणाली, "तुमच्या दोघांपैकी एकावरही जाऊ नये, एवढीच देवाकडे प्रार्थना आहे."